शहाण्णव अर्धच्छेदांची राशी

गर्भज मनुष्यांची जघन्य संख्या सांगताना अनुयोगद्वारसूत्र एकोणतीस अंकी राशी देते आणि तिची ओळख करून देते ती अशी: जी शहाण्णव वेळा अर्धी करता येते. अंकांत ती अशी:

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

नकलकाराच्या हातून यातला एकच अंक बदलला, तरी शहाण्णव वेळा अर्धे करून शेवटी १ उरणार नाही. आकड्यांसोबतच पडताळाही दिलेला आहे. आपल्या चोपडीतल्या मेळासारखाच म्हणा ना.

दोनाचा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६. याच क्रमाने पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ येतो आणि सहावा वीस अंकी. या दोहोंचा गुणाकार म्हणजे ही राशी. मुरलेला मुनीमही तो करताना घामाघूम होईल. परंतु पाचव्या वर्गाचे अर्धच्छेद ३२, सहाव्याचे ६४, बेरीज ९६. गुणाकाराचे काम बेरजेने झाले! वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत (इ. स. ८१६) हा नियम सर्वसामान्य रूपात आला आहे. युरोपात नेपियरचे लॉगॅरिथम १६१४ साली प्रसिद्ध झाले. विस्तृत कोष्टके रचण्याचे श्रेय निःसंशय त्याचे. तत्त्व मात्र आपल्या ग्रंथभांडारांत आठशे वर्षे आधीपासून होते.

या राशीला ३, ५ वा ७ यांनी निःशेष भाग जात नाही. तिचे ९७ विभाजक सारे अर्धे, पाव, अर्धपाव अशा उतरंडीतलेच आहेत. राशी वगळून उरलेल्या ९६ विभाजकांची बेरीज केली, तर ती मूळ राशीहून नेमकी एकाने कमी भरते.