नीरेच्या काठी विद्यापीठाचे संशोधन

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे काय तयार होते, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर वजनमापात देता येते. शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला. पुढे येथील कर्मशाळांतून साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बाहेर पडू लागली आणि कालांतराने भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या अग्निबाणांसाठी मोटारींची आवरणेही येथे घडली. परंतु या परिसरातील शेतीचा ज्याच्याशी नित्य संबंध येतो, त्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात काय तयार होते, असे विचारले की उत्तर देणारा घुटमळतो. एका तालुक्याच्या बैठकीत एका वयोवृद्ध पंचायत सदस्याने प्रस्तुत लेखकाला नेमका हाच प्रश्न केला होता. त्या वेळी कला शाखेच्या पदवीधराला शोभेल असे गोलमोल उत्तर देऊन त्याने वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिराने दिलेले उत्तर होय.

विद्यापीठाची स्थापना १९६८ साली झाली. पश्चिम व उत्तर महाराष्ट्रातील दहा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र यांच्या जोडीला कृषी अभियांत्रिकीची स्वतंत्र शाखा आहे. अशा संस्थेचे संशोधन सामान्यतः प्रबंध व शोधनिबंध यांच्या संख्येवरून मोजले जाते. ही मोजणी अनाठायी नव्हे, कारण निबंध प्रसिद्ध झाल्याखेरीज इतर शास्त्रज्ञांना तो पडताळून पाहता येत नाही. मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने विद्यापीठाचे खरे उत्पादन म्हणजे 'शिफारस'. नवे वाण, नवे अवजार अथवा लागवडीची नवी पद्धत प्रथम संशोधन केंद्रावर आणि नंतर निरनिराळ्या ठिकाणी अनेक हंगाम तपासली जाते. त्यानंतर राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे तिची छाननी होते. तेथे मान्यता मिळाली तरच ती शिफारस ठरते आणि विद्यापीठाच्या 'कृषिदर्शनी'त छापली जाते. छापील दोन ओळींमागे दहा-बारा वर्षांचे काम उभे असते.

उसाच्या बाबतीत तर हे काम वाणाच्या नावातच नोंदलेले असते. नीरेच्याच काठी, वालचंदनगरच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यात पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. आज ते राहुरी विद्यापीठाचा भाग आहे. ऊस आपल्याकडे कांड्यांपासून लावतात, परंतु नवा वाण निर्माण करावयाचा तर तुरा आणि बी लागते आणि जननक्षम बी आपल्या हवामानात सहसा मिळत नाही. म्हणून संकर तामिळनाडूतील कोइमतूर येथील ऊस पैदास संस्थेत केले जातात, बी पाडेगावला येते आणि त्याची रोपे येथील मातीत वाढविली जातात. हजारो रोपांतून वर्षानुवर्षे निवड करीत शेवटी एखादेच हाती लागते.

'को ८६०३२' या नावात 'को' म्हणजे कोइमतूर, पहिले दोन आकडे १९८६ या वर्षाचे आणि उरलेला त्या वर्षातील अनुक्रमांक. हा वाण महाराष्ट्रात 'नीरा' या नावाने १९९६ मध्ये प्रसारित झाला, म्हणजे क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षांनी! 'कोएम ०२६५' मधील 'एम' महाराष्ट्राचा. २००२ साली क्रमांक मिळालेला हा वाण २००७ मध्ये 'फुले २६५' या नावाने प्रसारित झाला. बांधावर उभे राहून 'दोनशे पासष्ट लावलाय' असे सहज सांगणाऱ्या शेतकऱ्याला आपण एका संशोधनाची जन्मनोंद उच्चारीत आहोत, याची कल्पना क्वचितच असते.

फुले २६५ चे विशेष महत्त्व असे की क्षारयुक्त जमिनीतही तो बऱ्यापैकी तग धरतो. बारामती-इंदापूरला या गुणाची गरज का भासावी, याचे उत्तर पाण्यातच आहे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. पण काळी, खोल जमीन पाणी धरून ठेवते. गरजेपेक्षा जास्त दिलेले पाणी खाली साचते, भूजलाची पातळी वर येते, उन्हाने ओल उडून जाते आणि पाण्यातील क्षार मातीच्या माथ्यावर पांढरी साय धरून बसतात. हे दुखणे आजचे नाही. हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्येच त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि ते महाविद्यालय आज याच विद्यापीठात समाविष्ट आहे. म्हणजे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा एकाच परंपरेत शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. ही गोष्ट अभिमानाची की खेदाची, हे वाचकांनीच ठरवावे.

नव्या वाणाची वाटचालही निर्वेध नव्हती. फुले २६५ चे टनेज चांगले येते म्हणून शेतकरी तो लावू लागले, तर साखरेचा उतारा कमी पडतो या कारणास्तव काही कारखाने त्याची नोंद घेण्यास नाखूष होते. वाण मध्यम उशिरा पक्व होणारा असल्याने तो अवेळी तोडला तर उतारा घटणारच. तोडणीचा कार्यक्रम ठरविणे शेतकऱ्याच्या हाती नसते, ही त्यातील खरी अडचण. प्रयोगक्षेत्रावर ऊस पक्व झाल्यावरच तुटतो. गावात मात्र टोळी येईल तेव्हा.

तथापि वाण क्षार सहन करतो. तो क्षार काढून टाकीत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे अनेकांची फसगत होते. जमीन सुधारावयाची तर निचरा हवा आणि येथे अभियांत्रिकीचे काम सुरू होते. सुमारे एक मीटर खोलीवर सच्छिद्र नळ्या ठरावीक अंतराने व उताराने पुरावयाच्या, त्या मुख्य नळीला जोडून पाणी ओढ्यात सोडावयाचे आणि वरून गोडे पाणी देऊन क्षार धुऊन काढावयाचे. जमीन चोपण असेल, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असेल, तर त्याआधी जिप्समही द्यावे लागते. विद्यापीठाच्या कसबे डिग्रज (जिल्हा सांगली) येथील संशोधन केंद्राने या भूमिगत निचरा पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे.

वाण आणि निचरा, दोन्ही संशोधनाचीच फळे. पण त्यांचा प्रवास सारखा होत नाही. बेण्याची मोळी शेजाऱ्याकडून आणता येते, त्यासाठी कोणाचा ठराव लागत नाही. निचऱ्याची नळी मात्र एका गटातून दुसऱ्या गटात जाते, तिसऱ्याच्या बांधाखालून निघते आणि गावाच्या ओढ्याला मिळते. त्या ओढ्यात काटेरी झुडपे माजली असतील अथवा कोणी भराव टाकून तो अरुंद केला असेल, तर वरच्या शंभर एकरांतील नळ्या व्यर्थ होत. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले, तेव्हाच तेथे क्षारपड जमीन मोठ्या क्षेत्रावर सुधारू लागली. शास्त्रज्ञ नळीचा व्यास आणि अंतर सांगू शकतो. तिघा भावकीतील बांधाचा वाद मिटविणे त्याच्या अभ्यासक्रमात नाही. ते काम ग्रामपंचायतीचे आहे.

आता या प्रयत्नांना आणखी एका संस्थेची जोड मिळाली आहे. बारामती तालुक्यातील माळेगाव खुर्द येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००९ मध्ये स्थापन केलेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ, उष्णता व क्षार यांचा पिकांवरील परिणाम अभ्यासते. पाणी मोजून देण्यासाठी राहुरी विद्यापीठाने 'फुले इरिगेशन शेड्युलर' हे भ्रमणध्वनीवरील साधनही तयार केले आहे. शाळेतील मुलांकडून एका शेताचा हिशोब त्यावर करवून घेतला, तर गणिताचा तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

ज्या गावांत पांढरी साय दिसू लागली आहे, तेथे प्रथम माती तपासून घ्यावी. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ही सोय आहे. नमुना केवळ वरच्या थराचा न घेता खड्डा खणून खालच्या थरांचाही घ्यावा, म्हणजे जमीन क्षारयुक्त आहे की चोपण, हे निश्चित होते. ओढ्याची पाहणी उन्हाळ्यात, शेते मोकळी असताना करावी आणि ती वरच्या शेतापासून नव्हे, तर जेथे पाणी अखेरीस नीरेला मिळते त्या टोकापासून सुरू करावी.