पेचकस आणि संत्री

गेल्या पाडव्याची संध्याकाळ. पुण्याचा भाचा आमच्याकडे देऊळगाव राजाला आला होता. गच्चीवर गप्पा मारता मारता म्हणाला, "मामा, आज स्क्रूड्रायव्हर करू या?" मी पडलो मराठीचा मास्तर! मुकाट्याने खाली गेलो आणि आकाशकंदिलासाठी काढलेला पेचकस आणून त्याच्या हातात ठेवला. भाचा पोट धरून हसू लागला.

हे एका पेयाचे नाव आहे, हे ज्ञान मला असे झाले. ५० मिलिलिटर व्होडका, दुप्पट संत्र्याचा रस आणि पेलाभर बर्फ, झाले पेय! पर्शियन आखातातले अमेरिकन तेलकामगार चमच्याअभावी ते पेचकसाने ढवळीत, म्हणून हे नाव, असे सांगतात. व्युत्पत्ती गोड आहे, आणि गोड व्युत्पत्तीवर माझा विश्वास जरा कमीच. १९४९ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकात मात्र हे नाव छापून आले होते. गंमत पाहा, आपल्याकडचा दारूबंदीचा कायदाही १९४९ चाच! त्याचा परवाना महाराष्ट्रात आजही लागतो. भाच्याने तो ऐटीत काढून दाखवला.

संत्री सौ. सोलीत होती. जालन्याची मोसंबी आमच्या शेजारची, पण नुसती गोड. इथे हवी ती संत्र्याची आंबटगोड धार. बिया आधी काढायच्या, कारण त्या चिरडल्या की रस कडू. काढून ठेवला तरी तो कडवट होत जातो. म्हणून पिळायचा तो ऐन वेळी. मुलांसाठीही रस काढला होता. सगळे पेले काचेचे, एकाच ताटात, एकाच रंगाचे.

नऊ वर्षांच्या धाकटीने त्यातला एक उचलला. ओठांपाशी नेला. "अग, थांब!" सौ. ने तो हिसकावून घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला. व्होडकाला रंग नाही, वास असून नसल्यासारखा. त्यातून संत्र्याचा घमघमाट.

"यातले तुमचे कोणते?" तिने विचारले.

भाच्याने माझ्याकडे पाहिले, मी भाच्याकडे. दोघांनाही सांगता येईना.

सौ. काही बोलली नाही. ताट उचलून सगळे पेले तिने मोरीत रिते केले. टोपलीत आणखी संत्री होती. मुलांना स्टीलच्या फुलपात्रांतून रस मिळाला, आणि पिळायला भाचाच बसला. "मामी, बिया काढल्यात हं," असे तो मधून मधून सांगत होता.