थोड्या वॉटचा ध्वनिवर्धक

गिटार हें वाद्य आतां आपल्या जिल्ह्यांत नवलाचें राहिलेलें नाहीं. अहिल्यानगर शहराची गोष्ट सोडा. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीच्या रस्त्यावर एखादा तरुण ती खांद्यास अडकवून चालला, तरी कोणी थांबून पाहात राहील असें वाटत नाहीं. परंतु विजेवरील गिटारीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिला ध्वनि घुमविणारी पोकळ पेटी बहुधा नसते. तारांचा कंप त्यांच्याखालील लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें यांच्या योगानें विजेच्या क्षीण लहरींत उतरतो, आणि ह्या लहरी ध्वनिवर्धकानें मोठ्या केल्यावांचून कानीं पडण्याजोग्या होत नाहींत. म्हणून ध्वनिवर्धक हा त्या वाद्याचा केवळ सोबती नव्हे. तो त्याचा अर्धा भागच होय.

असा ध्वनिवर्धक निवडतांना बहुतेक लोक प्रथम वॉटचा आंकडा पाहतात, आणि जितका तो मोठा तितकें यंत्र चांगलें असें धरून चालतात. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकापुरतें बोलावयाचें तर हा समज उलटा आहे, असें आमचें मत आहे. घरांत वाजविणारास चार-पांच वॉटचें यंत्र पुरतें, इतकेंच नव्हे, तर तेंच अधिक गोड वाजतें. तें कां, हें समजण्यास व्हॉल्व्हचें काम पाहिलें पाहिजे.

ज्यानें रात्रीं शेतांत दारें धरलीं आहेत त्यास हें सांगणें सोपें आहे. पाटास पाणी जोरानें येत असतें. धरणारा खोऱ्यानें चार ढेकळें इकडचीं तिकडे करितो, आणि एवढ्याशा श्रमानें सबंध प्रवाह एका वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत जातो. पाण्याचा जोर त्याच्या हाताचा नसतो. तो विहिरीवरील पंपाचा असतो. व्हॉल्व्हमध्यें हेंच घडतें. निर्वात कांचेच्या नळींत कॅथोड तापला म्हणजे त्यांतून निघणारे इलेक्ट्रॉन समोरच्या प्लेटकडे धांव घेतात. त्यांच्या वाटेंत तारेची एक जाळी असते. ती १९०६ सालीं अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट यानें प्रथम बसविली. गिटारीची क्षीण लहर ह्या जाळीवर सोडली कीं मोठा प्रवाह तिच्या हुकुमाप्रमाणें कमीअधिक होतो.

आतां पाट कांठोकांठ भरला म्हणजे काय होतें? पाणी बांधावरून एकदम उडी घेत नाहीं. आधीं पाझरतें, मग ओसंडतें. व्हॉल्व्हहि आपल्या शक्तीच्या सीमेजवळ आला म्हणजे लहरीचे माथे एकदम तोडीत नाहीं, तर हळूहळू दाबून गोलसर करितो. त्यामुळें मूळ स्वरांत दुप्पट, तिप्पट कंपसंख्येचे उपस्वर मिसळतात. दुप्पट म्हणजे तार षड्ज, तिप्पट म्हणजे तार सप्तकांतील पंचम. मिरजेचा कारागीर तंबोऱ्यास जवारी लावितो ती उपस्वरांच्या समृद्धीसाठींच. तेव्हां आपल्या कानास ही गोष्ट परकी वाटूं नये. साधा ट्रान्झिस्टर-ध्वनिवर्धक सीमेवर येतांच लहरीचे माथे सुरीनें कापल्यासारखे सपाट करितो, आणि ध्वनि कर्कश होतो. (संगणकी पद्धतीनें व्हॉल्व्हची नक्कल करणारीं हलकीं व स्वस्त यंत्रें अलीकडे निघालीं आहेत. त्यांस नांवें ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. पण येथें विषय खऱ्या व्हॉल्व्हचा आहे.)

हा ओसंडण्याचा गोडवा मिळण्यास व्हॉल्व्हकडून पूर्ण काम घेतलें पाहिजे. पन्नास वॉटच्या यंत्राकडून घरांत पूर्ण काम घेऊं गेल्यास भिंती हादरतील व शेजारी दारांत उभे राहतील. आवाज लहान ठेवल्यास पाट अर्धाहि भरणार नाहीं. थोडें गणित केलें म्हणजे हें स्पष्ट होईल. गिटारीसाठीं केलेल्या चांगल्या लाऊडस्पीकरला एकच वॉट दिला असतां एक मीटरवर सुमारें ९७ डेसिबल ध्वनि निघतो. साधें बोलणें सुमारें ६० डेसिबल असतें. पांच वॉटनें हा आंकडा १०४ होतो, व पन्नास वॉटनें ११४. शक्ति दहापट झाली, पण कानास ध्वनि सुमारें दुप्पटच मोठा वाटतो. राळेगणसिद्धीसारख्या गांवीं रात्रीं दहानंतर जी शांतता असते, तींत एक वॉटदेखील चार घरें ओलांडून जाईल.

हीं लहान यंत्रें कांहीं नवीं नव्हेत. जगांत विजेची गिटार प्रथम रूढ झाली ती १९३० नंतरच्या दशकांत, व तीहि हवाईयन पद्धतीची. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवीत वाजविण्याची. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ली यांनीं विजेची गिटार लोकप्रिय केली. चित्रपटगीतांच्या त्यांच्या तबकड्या घरोघर ऐकल्या जात. अमेरिकेंतील फेंडर कंपनीचा ‘चॅम्प’ हा ध्वनिवर्धक खरोखर शिकाऊ मुलांसाठीं होता: शेवटीं ६व्ही६ जातीचा एकच व्हॉल्व्ह, शक्ति सुमारें पांच वॉट. परंतु एरिक क्लॅप्टन यानें १९७० सालीं ‘लैला’ हें गाणें ध्वनिमुद्रित करितांना तसलेंच लहान यंत्र वापरलें असें सांगतात. इंग्लंडांत ईएल८४ हा व्हॉल्व्ह अधिक चालला. तो एकटा सुमारें पांच वॉट देतो, आणि जोडीनें पंधरा. व्हॉक्स कंपनीचें १९५८ मधील प्रसिद्ध पंधरा वॉटचें यंत्र ह्याच जोडीवर उभें होतें.

आतां शोधावें कोठें? नवीन यंत्र दुकानांतून घेणें हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग पुण्याच्या जुन्या बाजारांतून किंवा मुंबईच्या चोर बाजारांतून जातो. तेथें मर्फी, फिलिप्स इत्यादि जुने रेडिओ मिळतात, व पुष्कळांच्या पोटांत ईएल८४ असतो. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्यें तयार झालेले व्हॉल्व्हहि जुन्या सामानांत सांपडतात. हुशार मुलें असा रेडिओ घेऊन त्यास गिटार जोडतात. ही युक्ति चांगली आहे, पण तींत जीव जाण्याचा संभव आहे, म्हणून येथें थोडें थांबून सांगतों.

व्हॉल्व्हवरील पहिलें अक्षर वाचावें. ‘ई’ म्हणजे त्याची तापणारी तार ६.३ व्होल्टची, आणि तिला ट्रान्सफॉर्मर लागतो. ‘यू’ असेल, उदाहरणार्थ यूएल८४, तर त्या रेडिओंतील सर्व व्हॉल्व्हच्या तारा एकामागून एक जोडून थेट घरच्या विजेवर चालविलेल्या असतात. अशा रेडिओचा पत्र्याचा सांगाडा बहुधा विजेच्या एका तारेस जोडलेला असतो. लांकडी पेटीमुळें ऐकणारास त्याचा स्पर्श होत नसे. परंतु गिटारीच्या तारा सांगाड्यासच जोडल्या जातात. तेव्हां प्लग उलटा बसला कीं वाजविणाराच्या बोटांवर २३० व्होल्ट येतात. ‘यू’ अक्षराचा रेडिओ गिटारीस मुळींच जोडूं नये. ‘ई’ असला तरी ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांत विजेचा संबंध नाहीं याची खात्री जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी, आणि तीन पायांचा प्लग लावून सांगाडा अर्थिंगला जोडावा. यंत्र बंद केल्यावरहि आंतील कपॅसिटरमध्यें तीनशें व्होल्टपर्यंत वीज सांठून राहते. झांकण उघडून बोट घालण्याची हौस कोणीं करूं नये.

यंत्र पसंत करितांना आधीं गिटार न वाजवितां ऐकावें. थोडी सळसळ चालेल. मोठी घरघर चालणार नाहीं. पेन्सिलीनें प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकेंच टिचकी मारावी. घंटेसारखा नाद लाऊडस्पीकरमधून आल्यास तो व्हॉल्व्ह बदलावा लागेल. बटण फिरवितांना होणारी खरखर क्षुल्लक आहे, ती साफसफाईनें जाते. नंतर ध्वनिवर्धक पूर्ण मोठा करून गिटारीवरच्या बटणानें आवाज कमी करावा. चांगलें यंत्र येथेंच ओळखूं येतें: बोट हलकें पडलें तर स्वर स्वच्छ, जोरानें पडलें तर भरदार, आणि ह्या दोहोंमधल्या पायऱ्या जितक्या अधिक तितकें यंत्र उत्तम.

किंमतीचा खरा भाग शेवटच्या ट्रान्सफॉर्मरमध्यें असतो, आणि काटकसर करणारे कारखानदार तेथेंच काटकसर करितात. व्हॉल्व्हला सुमारें ५००० ओहमचा भार हवा असतो व लाऊडस्पीकर असतो ८ ओहमचा. म्हणून पंचविसास एक ह्या वेढ्यांच्या प्रमाणानें दोघांची सांगड घालावी लागते. त्याचें लोखंड तुटपुंजें असलें कीं खर्जाचे स्वर पोचट होतात. उचलून पाहिल्यास यंत्र हातास जड लागावें. तसेंच, लहान यंत्रांतील आठ इंची लाऊडस्पीकरऐवजीं तितक्याच ओहमचा बारा इंची, मोठ्या पेटींतला, जोडून पाहावा. वॉट तेवढेच राहून ध्वनि एकदम भारदस्त होतो. लाऊडस्पीकर न जोडतां मात्र व्हॉल्व्हचें यंत्र कधींहि वाजवूं नये, ट्रान्सफॉर्मर जळतो.

कोणाचे नातलग अमेरिकेहून असें यंत्र आणीत असतील, तर तें १२० व्होल्टचें असेल. त्यास वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तिकडील ६० ऐवजीं आपल्या ५० आवर्तनांवर त्याचें लोखंड कांहींसें अधिक तापेल. व्हॉल्व्हची तार दहा टक्क्यांपर्यंतची कमीजास्त वीज सोसते. खेड्यांत दाब त्याहून अधिक खालींवर होत असल्यास स्टॅबिलायझर घ्यावा. पांच वॉट ध्वनि देणारें यंत्र विजेच्या तारेंतून चाळीस-पन्नास वॉट घेतें, कारण बराच भाग तापण्यांतच जातो. तेवढी वीज घरगुती इन्व्हर्टर सहज पुरवितो, पण तो चौकोनी लहरीचा असल्यास त्याची गुरगुर गिटारींतून ऐकूं येते.