रात्री डॉक्टरांचे दार वाजवण्यापूर्वी

सातारा, सांगली, कराड, इस्लामपूर कुठेही जा, डॉक्टरांच्या पाटीखाली वेळ लिहिलेली असते. सकाळी 10 ते 1, सायंकाळी 6 ते 9. पूर्वी डॉक्टर दवाखान्याच्याच माडीवर राहत, रात्री कडी वाजली की खाली येत. आता बहुतेकांचे घर एकीकडे आणि दवाखाना दुसरीकडे. तरीही रात्री बंद शटरसमोर जीप उभी राहते, आत आजारी माणूस असतो आणि बरोबरची मंडळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना डॉक्टरांचे घर विचारत फिरतात. त्यात अर्धा तास सहज जातो.

रात्री अकरा वाजता आलेल्या पेशंटला ‘कधीपासून दुखते आहे?’ असे विचारले की उत्तर बहुधा ठरलेले असते. ‘दुपारपासूनच डॉक्टर, पण म्हटलं धार काढून निघावं.’ कोणी लाइट आली म्हणून उसाला पाणी पाजायला थांबलेला असतो, कोणी मुलगा एमआयडीसीतून सुटेपर्यंत. घरातली बाई तर सगळ्यांची जेवणे उरकल्याशिवाय दुखते म्हणून सांगतच नाही. म्हणजे आजार दुपारचाच असतो, आपण त्याला रात्रीचा करतो.

छातीच्या दुखण्यात हे थांबणे फार महाग पडते. छातीवर दडपण, दरदरून घाम, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, ही लक्षणे ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोड्यावर भागवली जातात. मधुमेहाच्या रुग्णात आणि म्हाताऱ्या माणसात तर कळ येईलच असे नाही, नुसता दम लागतो, घाम येतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत मिळाले तर सर्वाधिक उपयोगी, 12 तासांनंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही. अशा वेळी, वाचकहो, माझ्यासारख्या एमबीबीएस डॉक्टरकडे येऊच नका. मी तपासून ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ एवढेच सांगणार. जिथे ईसीजी निघतो आणि पेशंटला दाखल करून घेतात, तिथेच थेट जा. वाटेत मला फोन जरूर करा.

तसेच अंगावरून वारे जाण्याचे. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर तेल चोळत बसायची आपल्याकडे जुनी सवय आहे. यावरचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचे सीटी स्कॅन व्हावे लागते. ही सोय जिथे आहे तिथेच पेशंट पोहोचला पाहिजे. सातारा, कराड, सांगली या गावांची नावे पटकन आठवतात, मिरज तर दवाखान्यांचीच पेठ. पण जतच्या पूर्वेकडच्या किंवा पाटणच्या डोंगरातल्या गावातून निघायचे तर साडेचारमधले दोन तास रस्त्यातच जातात. म्हणून पहाटे उठल्यावर वाकडे तोंड दिसले, तर ‘उजाडू दे’ म्हणू नये.

बत्तीस शिराळ्याचा भाग नागासाठी प्रसिद्ध आहे, पण रात्री मला जास्त धास्ती वाटते ती मण्यारीची. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. सूज नाही, फारशी आग नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले. उसाच्या फडाशेजारी कोपीत झोपणाऱ्या ऊसतोड मजुरांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यांचा ठरलेला डॉक्टर इथे नसतोच. चावल्या जागी कापू नका, आवळून बांधू नका, हात किंवा पाय हलू देऊ नका आणि सरकारी दवाखाना गाठा. सर्पदंशाची लस तिथे मोफत मिळते.

‘सरकारी दवाखान्यात रात्री कोण असतं?’ असे लोक विचारतात. तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांचा तातडीचा विभाग चोवीस तास चालू असतो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. खासगी दवाखान्यानेही ‘आधी पैसे, मग पेशंट’ म्हणू नये. तातडीच्या रुग्णाला प्रथमोपचार देणे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली स्पष्ट सांगितले आहे.

आता थांबता येईल असे काय? साधा ताप, सर्दी, जुनी कंबरदुखी, खाज. मूल तापात खेळते आहे, पाणी पिते आहे, तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही. जुलाब असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा. चमचा चहाचाच घ्या. मात्र मूल पीत नाही, सुस्त पडले आहे, झटके आले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला तरी नाही. गरोदर बाईला रक्त जाणे, डोके ठणकून अंधारी येणे, दिवस भरण्याआधी पाणी जाणे, हेही याच यादीतले.

दिवसा थोडी काळजी घेतली तर रात्रीच्या निम्म्या फेऱ्या वाचतील असे मला वाटते. रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याआधी चार दिवस या. येताना जुने कागद आणि गोळ्यांची पाकिटे आणा. ‘ती पांढरी छोटी गोळी’ एवढ्यावरून औषध ओळखायची विद्या आम्हाला शिकवलेली नाही. बाजाराच्या दिवशी दवाखाना बंद व्हायच्या बेताला येऊन ‘जरा नीट तपासा’ म्हणू नका.

राहिला वाहनाचा प्रश्न. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात आहे, फोनही फुकट आणि गाडीही. बरोबर डॉक्टर असतो. गरोदर माता आणि एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी 102. फोनवर रडारड न करता गाव, तालुका, जवळची खूण आणि पेशंटला काय होते आहे ते सांगा. एकाच नावाची गावे या दोन जिल्ह्यांत बरीच आहेत. गाडीला वेळ लागणार असे कळले तर गावातल्या ज्याच्या दारात चारचाकी आहे त्याला उठवा. त्याचा नंबर, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर आणि हे दोन क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा, म्हणजे मोबाइल मुलाच्या हातात असला तरी म्हातारीला सापडतील. आणि रुग्णवाहिका येणार असेल तर एक माणूस बॅटरी घेऊन फाट्यावर उभा करा.