मृत्युपत्रात राहून गेलेले नाव

आमच्या परिचयाचे इंदूरचे एक गृहस्थ फार व्यवस्थित होते. चाळिशीतच त्यांनी मृत्युपत्र करून ठेवले होते. घर कोणाला, ठेवी कोणाला, दागिने दोघी मुलींत कसे वाटायचे, इतकेच नव्हे तर आजीचा तांब्याचा बंब कोणाकडे जावा, हेही त्यात होते. पुढे पुण्याच्या वाटेवर अपघातात पती-पत्नी दोघेही गेले, तेव्हा तो कागद उघडण्यात आला. बंबाची व्यवस्था लागलेली होती. अकरा व सात वर्षांच्या मुलींनी कोणाजवळ राहावे, याविषयी मात्र एक अक्षर नव्हते.

काका इंदूरचे, मावशी पुण्याची. दोघांचीही माया खरी, आणि तंटा झाला तो त्या मायेपोटीच. प्रकरण जिल्हा न्यायालयात गेले. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार न्यायाधीश मुलांचे हित पाहून पालक नेमतात. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे मतही विचारात घेऊ शकतात. निकाल लागेपर्यंत शाळेचे एक वर्ष गेले, आणि 'काका की मावशी' या प्रश्नाचे उत्तर थोरलीला परक्या माणसासमोर द्यावे लागले. ते तिच्या वडिलांना एका ओळीत देऊन ठेवता आले असते, असे आम्हांला राहून राहून वाटते.

आजी-आजोबा आहेत, काका आहेत, ते सांभाळतीलच, अशी आपल्या घरांतून समजूत असते. सांभाळतात, यात शंका नाही. परंतु केवळ सांभाळ करतो म्हणून कोणालाही अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा व्यवहार करता येत नाही, असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा स्पष्ट सांगतो. (हा कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन व शीख घरांनाही लागू आहे.) याच कायद्याने पित्याला मृत्युपत्राद्वारे पालक नेमण्याचा अधिकार दिला आहे, पण आई हयात असेल तर ती नेमणूक निष्फळ ठरते. पुढे आई स्वतः कोणाला न नेमता गेली, तर पित्याने केलेली नेमणूक पुन्हा जिवंत होते. पतीच्या पश्चात आईने आपल्या मृत्युपत्रात निराळे नाव घातलेले असेल, तर तिचाच शब्द चालतो. म्हणून पती-पत्नींनी आधी आपसांत बोलावे, मग दोन स्वतंत्र मृत्युपत्रे करून दोन्हींत एकच नाव घालावे.

हे बोलणेच अवघड, हे आम्ही जाणतो. 'तुमच्या भावाकडे नको' हे वाक्य कोणत्या घरात सहज उच्चारले जाईल? येथे कायद्याने एक वाट ठेवली आहे: मुलाचा सांभाळ करणारा पालक एक आणि त्याची मालमत्ता पाहणारा दुसरा नेमता येतो. मुलांवर जीव टाकणाऱ्या मावशीला हिशेब ठेवता येतोच असे नाही, आणि पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या काकांना तापलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढणे जमेलच असेही नाही. मूल इंदूरला वाढलेले, हिंदी शाळेत शिकणारे असेल, तर त्याला पुण्याला उपटून नेणे बरे की काय, हाही विचार व्हावा. आणि ज्याचे नाव घालावयाचे त्याला आधी विचारावे. पुष्कळदा तेवढेच राहून जाते.

मृत्युपत्र म्हणजे घरातील कर्त्या पुरुषाचे काम, ही दुसरी समजूत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या स्त्रीला पती वा मुले-नातवंडे नसतील, तर तिची स्वकष्टार्जित मिळकत तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झालेल्या, सासरहून घालवून दिलेल्या मुलीला माहेरने शिकवले, तिने नोकरी केली. तिच्या मृत्यूनंतर तिची मिळकत मिळाली ती पतीच्या बहिणीच्या मुलांना! न्यायालयाने कायदा पाळला. तिने एक कागद लिहिला असता, तर तिच्या आईवर ही वेळ येती ना.

कागद कसा असावा, हे थोडक्यात सांगतो. स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांदेखत सही करावी व त्यांनीही आपल्यादेखत सह्या कराव्यात. ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीस घेऊ नये. साक्षीदार आपल्याहून तरुण असावेत. मराठीत लिहिण्यास हरकत नाही. तथापि महाराष्ट्राबाहेरच्या न्यायालयात त्याचे भाषांतर करावे लागेल, हे ध्यानी धरून वाक्ये सोपी ठेवावीत. बँकेत वारस म्हणून नाव लावले की काम झाले, असेही मानू नये. ते नाव पैसे स्वीकारणाऱ्याचे असते, मालकाचे नव्हे; शेअरांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितले आहे.

गोव्यातील आमच्या वाचकांनी मात्र वारशाचे हे नियम आपले समजू नयेत. पोर्तुगीज काळापासूनची तेथील वारसापद्धती निराळी आहे. मुलांचा निम्मा हिस्सा राखीव असतो, आणि आता त्यासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यांनी तेथील जाणत्या वकिलाचाच सल्ला घ्यावा.

नवे मूल जन्मले, घर विकले, किंवा नेमलेला पालकच वारला, तर कागद पुन्हा करावा आणि त्यावर तारीख घालण्यास विसरू नये. शेवटचा तेवढा ग्राह्य. तो कोठे ठेवला आहे, हे घरातील निदान दोघांना ठाऊक असावे. आमच्या त्या गृहस्थांचा कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडला, तोही बाराव्या दिवशी.