वांगावर गोरेपणाची क्रीम नको, आधी ऊन अडवा

महात्मा फुले मंडईबाहेर उन्हात भाजी विकणाऱ्या बहिणी आम्हाला वांग दाखवतात. बऱ्याच जणी त्यावर गोरेपणाची क्रीम चोळतात. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते, ऊन जास्तच बाधते.

वांग उन्हाने वाढतो. म्हणून छत्री, पदर, लांब बाह्या आधी. उघड्या चेहऱ्याला, मानेला सनस्क्रीन. घेताना ‘एसपीएफ ३०’ किंवा जास्त, ‘पीए’पुढे तीन अधिकचिन्हे आणि मुदत पाहावी. निघण्याआधी २० मिनिटे, दोन बोटांवर मावेल इतकी लावावी; दर २ तासांनी, घाम पुसल्यावर पुन्हा. सहा महिन्यांआतील बाळाला लावू नये, सावलीत ठेवावे. सनस्क्रीनने उष्माघात टळत नाही. पाणी पीत राहावे.

वांगावर उपचार आहेत, ते डॉक्टरांना विचारून घ्यावेत. सावळा रंग हा आजार नाही.