नगराध्यक्ष जॉन शेक्सपियर

इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड या बाजारगावाच्या दप्तरात जॉन शेक्सपियर याचे नाव प्रथम आढळते, ते दंडाच्या नोंदीत. २९ एप्रिल १५५२ रोजी, हेन्ली स्ट्रीटवर परवानगीवाचून उकिरडा केल्याबद्दल त्याला व अन्य दोघांना प्रत्येकी एक शिलिंग दंड झाला. सोळा वर्षांनी हाच गृहस्थ त्या गावचा प्रथम नागरिक झाला. जगाला तो ठाऊक आहे नाटककार विल्यमचा पिता म्हणून. परंतु छोट्या गावात व्यापार आणि सत्ता यांची सांगड कशी बसते व कशी सुटते, हे समजून घेण्यासाठीही त्याचे चरित्र पाहण्याजोगे आहे.

जॉन हा स्निटरफिल्ड खेड्यातील एका कुळाचा मुलगा. स्ट्रॅटफर्डला येऊन त्याने हातमोजे बनविण्याचा आणि त्यासाठी लागणारे मऊ कातडे कमावण्याचा धंदा मांडला. वडिलांच्या जमीनमालकाची कन्या मेरी आर्डेन हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याच सुमारास गावच्या कारभारातील पायऱ्या तो चढू लागला. प्रथम पाव व बिअर यांचा दर्जा तपासणारा, मग कॉन्स्टेबल, मग खजिनदार, १५६५ मध्ये आल्डरमन आणि १५६८ मध्ये बेलीफ. (आपल्याकडे कोर्टाचे समन्स घेऊन येणारा बेलीफ निराळा, स्ट्रॅटफर्डचा बेलीफ म्हणजे नगराध्यक्षच.) कागदोपत्री तो सहीऐवजी खूण करी, तरीही पालिकेचे हिशेब काही वर्षे त्याच्याकडे होते. त्याच्याच कारकिर्दीत फिरत्या नाटक मंडळ्यांना पालिकेच्या तिजोरीतून बिदागी मिळाली. विल्यम तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता.

पदाबरोबर उलाढालही वाढली. मात्र तिचा काही भाग कायद्याबाहेरचा होता. ८० पौंडांच्या कर्जावर २० पौंड व्याज घेतल्याचा आरोप त्याच्यावर १५७० मध्ये, तर बेकायदा लोकर खरेदीचा १५७२ मध्ये झाला. बँका नसलेल्या त्या काळात गावोगावचा व्यापार परस्परांच्या उसनवारीवरच चाले. माणसाची पत हेच भांडवल असे आणि पालिकेतील पदाने ती वाढत असे.

१५७६ नंतर मात्र जॉन सभांना जवळपास येईनासा झाला. १५७८ मध्ये पत्नीची वडिलोपार्जित जमीन ४० पौंडांना गहाण पडली, ती पुन्हा हाती आलीच नाही. काही अभ्यासक याचे मूळ लोकरीच्या व्यापारावरील सरकारी कारवाईत शोधतात, तर काही कॅथलिक पंथावरील निष्ठेत. १५९२ च्या एका सरकारी यादीत मात्र कर्जाच्या तगाद्याच्या भीतीने तो चर्चला येत नसल्याचे नमूद आहे. ती सबब असू शकेल. पण गहाणखत ही सबब नव्हे.

लक्षणीय आहे ते सहकाऱ्यांचे वर्तन. सैनिकांसाठीची वर्गणी त्याच्याकडून इतर आल्डरमनांच्या निम्मीच घेण्यात आली, गरिबांसाठीचे आठवड्याचे चार पेन्स माफ झाले, आणि गैरहजर असूनही सुमारे दहा वर्षे त्याचे नाव यादीत राहिले. ही केवळ दया नसावी. ज्याच्याशी सर्वांची देणीघेणी गुंतलेली, त्याचे दिवाळे जाहीर होणे कोणालाच परवडणारे नव्हते. अखेर ६ सप्टेंबर १५८६ रोजी त्याच्या जागी दुसरा आल्डरमन निवडला गेला.

दहा वर्षांनी, १५९६ मध्ये, शेक्सपियर घराण्याला कुलचिन्ह मंजूर झाले. एव्हाना विल्यमने लंडनमध्ये नाव व पैसा कमावला होता. तरी त्या कागदपत्रांत जॉनची पात्रता सांगताना तो स्ट्रॅटफर्डचा बेलीफ होता, याचा आवर्जून उल्लेख आहे. सप्टेंबर १६०१ मध्ये स्ट्रॅटफर्ड येथेच त्याचा दफनविधी झाला.